मूल बरं झालं, हे कशावरून म्हणायचं?

मागच्या व्याख्यानात आपण प्रमाण आणि प्रमेय या जोडीबद्दल बोललो. ज्याने कळतं ते प्रमाण, जे कळतं ते प्रमेय. त्यानंतर काही श्रोत्यांनी कळवलं की हे सगळं ठीक आहे, पण आजच्या व्यवहारात त्याचा उपयोग कुठे होतो ते एकदा दाखवा. मागणी रास्त आहे. म्हणून आज दवाखान्यातलं एक उदाहरण घेतलं आहे. आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली, तिच्यावर औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही. पण एखादी गोष्ट ‘मोजली’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय केलेलं असतं, हा प्रश्न आमच्या घरचाच आहे.

विषय असा. लहान मुलांना होणारा फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर नावाचा आजार, त्यावरचे मानसोपचार, आणि त्या उपचारांनी मूल बरं झालं की नाही हे ठरवायच्या पद्धती. यापुढे आजाराला आपण एफएनडी म्हणू.

आधी आजार समजून घेऊ. मुलाचा पाय अचानक लुळा पडतो, हात थरथरायला लागतो, आवाज जातो, दिसेनासं होतं, किंवा फिट आल्यासारखे झटके येतात. मेंदूचा एमआरआय स्वच्छ निघतो. झटका चालू असताना काढलेल्या ईईजीत अपस्माराच्या खुणा मिळत नाहीत. मज्जासंस्थेची रचना शाबूत आहे, तिचं काम मात्र बिघडलंय. संगणकाची उपमा नेहमी देतात, हार्डवेअर ठीक आणि सॉफ्टवेअरमध्ये घोळ. उपमा फार ताणू नये, पण कामापुरती बरी आहे. पूर्वी याला हिस्टेरिया म्हणत. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी आणि पुढे व्हिएन्नात ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी त्यावर केलेलं काम प्रसिद्धच आहे. नंतर ‘कन्व्हर्जन डिसऑर्डर’ हे नाव रूढ झालं, म्हणजे मनातल्या ताणाचं शरीराच्या लक्षणात रूपांतर. 2013 साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा दोन महत्त्वाचे बदल झाले. मानसिक ताण सापडलाच पाहिजे ही अट गेली. आणि ‘दुसरं काही सापडलं नाही म्हणून हेच असणार’ असं न म्हणता, तपासणीत दिसणाऱ्या ठोस खुणांवर निदान करायचं ठरलं.

यातली एक खूण सांगतो, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. 1908 साली हूवर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ती नोंदवली. रुग्णाला पाठीवर झोपवायचं आणि सांगायचं, लुळ्या पायाची टाच खाली गादीत दाब. जोर लागत नाही. मग सांगायचं, आता चांगला पाय वर उचल, मी तो धरून ठेवतो. रुग्णाचं सगळं लक्ष चांगल्या पायाकडे जातं आणि इकडे लुळ्या पायाची टाच आपोआप, जोरात, खाली दाबली जाते. लक्ष पायाकडे असताना ताकद जाते, लक्ष दुसरीकडे गेलं की परत येते. हातांच्या थरथरीतही असंच दिसतं. दुसऱ्या हाताने ठेका धरायला लावला की थरथर थांबते, मंदावते किंवा त्या ठेक्यात जाऊन बसते.

हे ऐकल्यावर आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया काय येते? ‘म्हणजे नाटकच की!’ फिट आल्यावर कांदा हुंगवणारी, चप्पल नाकाशी धरणारी मंडळी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. झटका थांबला की श्रेय चपलेला, आणि थोड्या दिवसांनी परत आला की दोष मुलाला. पण हूवरच्या खुणेचा अर्थ नेमका उलटा आहे. नाटक करणाऱ्याला आपण काय करतोय हे ठाऊक असतं. इथे मुलाला ठाऊक नसतं. स्वतःच्याच हालचालीवरचा ताबा लक्षाच्या वाटेवर कुठेतरी अडकलेला असतो. लक्ष हा या आजाराचा भागच आहे, एवढं मनात धरून ठेवा. त्याची गरज लवकरच लागणार आहे.

आता समजा, एक मुलगी आहे. तेरा वर्षांची, आठवीतली. आठवड्याला वीसेक झटके येत होते, तीन महिने शाळा बंद होती, रात्री-अपरात्री रिक्षा करून दवाखाना गाठणं चाललं होतं. निदान झालं, चार महिने मानसोपचार झाले. आज तिला आठवड्याला बारा झटके येतात. शाळेत मात्र ती आठवड्यातले चार दिवस जाते. झटका आला तर बाकावर डोकं टेकून दोन मिनिटं थांबते आणि वही पुढे चालू करते. अपस्मारावरची गोळी डॉक्टरांनी बंद केली आहे. रात्रीची रिक्षा बंद झाली आहे.

बरी झाली का? वडील म्हणतात, कुठे, फिट येतातच की. आई म्हणते, घरात श्वास घ्यायला जागा झाली. वर्गशिक्षिका म्हणतात, पूर्वीसारखी हसत नाही, पण येते. आजीचं मत, पोरीची भूक परत आली, बाकी मला काही सांगू नका. थेरपिस्टच्या कागदावर चिंतेचा गुणांक आधीपेक्षा वाढलेला आहे. आणि मुलीला कुणी विचारलेलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित ती म्हणाली असती की मला मैत्रिणीबरोबर सायकलवर क्लासला जायचंय आणि ते अजून जमत नाही.

यातला प्रत्येक जण काहीतरी मोजतो आहे, आणि कुणीही खोटं बोलत नाही. मग संशोधनाच्या निबंधात, ‘उपचाराचा परिणाम’ या रकान्यात, यातला कोणता आकडा लिहायचा? हा रकाना नुसता कागदी नाही. त्यावरून पुढच्या मुलांना हे उपचार मिळणार की नाही हे ठरतं. घरच्या पातळीवर बोलायचं तर, याच मुलीचे वडील उद्या म्हणू शकतात की चार महिने पैसे आणि शनिवार घालवले, फिट काही थांबल्या नाहीत, आता बास.

सर्वांत सोपा आकडा झटक्यांचा. मोजता येतो, सगळ्यांना समजतो, अपस्मारावरच्या औषधांच्या चाचण्यांतही तोच वापरतात. त्याचं काय होतं हे दाखवणारी एक मोठी चाचणी आहे, प्रौढांवरची. मुलांवर त्या तोलाची चाचणी नसल्यामुळे तिच्याकडेच बघावं लागतं. ब्रिटनमध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लॉरा गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ती केली, निष्कर्ष 2020 साली ‘लॅन्सेट सायकायट्री’त आले. तिचं नाव कोड्स. असे झटके येणारे 368 लोक, दोन गट. दोन्ही गटांना नीट आखलेली वैद्यकीय देखभाल, आणि एका गटाला त्याशिवाय या झटक्यांसाठी बेतलेली कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांच्यावर एकत्र काम करणारा मानसोपचार. मुख्य मोजमाप आधीच जाहीर केलेलं होतं, एक वर्षानंतर महिन्याला किती झटके येतात.

वर्षानंतर थेरपीच्या गटाचा मध्यक महिन्याला 4 झटके, दुसऱ्या गटाचा 7. फरक दिसतो, पण दोन्ही गटांत माणसामाणसांतली तफावत इतकी प्रचंड होती की संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही. म्हणजे नियमाप्रमाणे निकाल असा, की मुख्य मोजमापावर थेरपीचा परिणाम सिद्ध झाला नाही.

पण त्यांनी आणखी 16 गोष्टी मोजल्या होत्या. त्यांपैकी 9 गोष्टींत थेरपीचा गट पुढे होता. झटक्यांचा जाच कमी वाटणं, सलग झटक्यांविना गेलेला काळ लांबणं, रोजचं काम आणि माणसांतला वावर सुधारणं, मानसिक त्रास उतरणं, रुग्णाचं स्वतःचं आणि डॉक्टरांचंही मत ‘सुधारणा आहे’ असं होणं.

इथे दोन बाजूंनी घाई होते आणि दोन्हींबद्दल आम्हाला तक्रार आहे. एक बाजू म्हणते, मुख्य आकडा हलला नाही, विषय संपला. दुसरी म्हणते, मुख्य आकडाच चुकीचा निवडला होता, बाकीचे नऊ पाहा, थेरपी जिंकली. दुसऱ्या बाजूला आमचा कल आहे हे लपवत नाही. पण निकाल लागल्यावर मोजपट्टी बदलणं म्हणजे बाण लागला तिथे वर्तुळ काढणं. सोळा ठिकाणी बघितलं तर एखाद-दुसऱ्या ठिकाणी योगायोगानेही यश दिसू शकतं. नऊ ठिकाणी, तेही एकाच दिशेने, योगायोगाने दिसणं अवघड, हे खरं. तरी मुख्य मोजमाप कोणतं, हा निर्णय आधी घ्यायचा असतो, आणि तो निर्णय ‘बरं होणं म्हणजे काय’ या प्रश्नाचं उत्तर असतो. ते उत्तर आकडेवारीतून मिळत नाही. ते आधी ठरवूनच आकडेवारीकडे जावं लागतं.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट काढू. झटके मोजायचे तर कुणीतरी मोजत बसायला हवं. प्रौढ रुग्ण स्वतः वही ठेवतो. मुलाची वही बहुधा आई ठेवते. सकाळी किती, दुपारी किती, किती मिनिटं, डोळे उघडे होते की मिटलेले. घरातलं सगळं लक्ष झटक्याच्या चाहुलीकडे लागतं. मुलालाही ते कळतं. आई वही कुठे ठेवते हेही त्याला माहीत असतं. ज्या आजारात लक्षणाकडे लक्ष गेलं की लक्षण जोर धरतं, त्या आजारात दिवसातून दहा वेळा लक्षणाकडे लक्ष द्यायची ही व्यवस्था झाली. तापमापकाने ताप वाढत नाही. ही वही मात्र ताप वाढवू शकते. शिवाय थेरपिस्ट त्याच काळात पालकांना सांगत असतात की झटक्याभोवती गोळा होऊ नका, सुरक्षित जागा बघा आणि शांत राहा. एकाच घराला दोन उलट्या सूचना.

याचा अर्थ झटके मोजूच नयेत असा नाही. अमेरिकेत बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठात एरन फोबियन यांनी मुलांसाठी आणि किशोरांसाठी रिअ‍ॅक्ट नावाची पद्धत तयार केली. झटका येताना शरीरात जे सुरू होतं त्याच्या विरुद्ध जाणारी कृती मुलाला शिकवायची, आणि ‘आता येणारच’ या अपेक्षेची पकड सैल करायची, असं तिचं साधारण रूप. 2020 साली तिची छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. 29 मुलं, तुलनेला नुसती आधार देणारी संवादात्मक थेरपी. त्यांनी झटकेच मोजले. उपचारानंतरच्या 7 दिवसांत रिअ‍ॅक्टच्या गटात कुणालाही झटका आला नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांचा 60 दिवसांपर्यंतचा काळही तसाच गेला. ज्या उपचाराचा रोख सरळ झटक्यावर आहे, त्याने झटके मोजावेत हे बरोबरच. तरी 29 ही संख्या लहान आहे आणि 60 दिवस म्हणजे शाळेचं अर्धं सत्रसुद्धा नाही. आणि एक शंका उरतेच. या आजारात एक लक्षण जातं आणि दुसरं येतं, हे डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. पाय चालू लागतो आणि झटके सुरू होतात, झटके थांबतात आणि डोकेदुखी मुलाला अंथरुणाला खिळवते. फक्त पहिल्या लक्षणाकडे बघणारी मोजपट्टी तिथे ‘पूर्ण बरा’ असा शेरा मारून मोकळी होईल.

मग कुणी म्हणेल, उपचार मनाचा आहे तर मन मोजा. चिंता, उदासी यांच्या चांगल्या तपासलेल्या प्रश्नावल्या आहेतच. इथे मात्र गंमत होते. या मुलांपैकी कितीतरी जण उपचाराच्या सुरुवातीला प्रश्नावलीत लिहितात की मला कसलीच चिंता नाही, सगळं छान आहे. पाय लुळा पडलाय आणि मूल निवांत आहे, हे चित्र शार्कोच्या काळापासून नोंदलेलं आहे. त्यातली सगळी मुलं खरोखर निवांत असतात असं नाही. काहींना आपल्या आत काय चाललंय त्याला नावच देता येत नाही. थेरपी चांगली चालली तर मूल हळूहळू ओळखायला लागतं की ही छातीतली धडधड म्हणजे भीती, हा पोटातला गोळा म्हणजे उद्याची परीक्षा. आणि मग चार महिन्यांनी तीच प्रश्नावली ते प्रामाणिकपणे भरतं. गुणांक वाढतो. कागदावर मूल बिघडलं. मघाच्या मुलीच्या बाबतीत हेच झालेलं असू शकतं. अर्थात ती खरोखर बिघडलेलीही असू शकते, आणि नुसत्या आकड्यावरून या दोहोंत फरक करता येणार नाही.

दुसरं असं की काही मुलांच्या बाबतीत ताण सापडतच नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांची देशव्यापी नोंद घेतली गेली, ती 2013 साली प्रसिद्ध झाली. आजार विरळ, वर्षाला लाख मुलांमागे 1.3 नवे रुग्ण. त्यात साधारण 80 टक्के मुलांच्या बाबतीत आधी काही ताणाचा प्रसंग घडल्याची नोंद होती, आणि त्यात सर्वांत पुढे होता शाळेत इतर मुलांकडून होणारा छळ. उरलेल्या मुलांचं काय? त्यांचा मानसोपचार चिंतेच्या गुणांकावर मोजणं म्हणजे पाय मोडलेल्याचा ताप बघत राहणं. आणि ज्यांचा छळ होत होता त्यांच्या बाबतीत, छळ थांबला का, हे त्या गुणांकात कुठे येतं?

आता हा कागद भरायचा कुणी? मुलांच्या बाबतीत हा प्रश्न फार जुना आहे. 1987 साली आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या वर्तनासंबंधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी केली. आई आणि वडील यांच्यासारख्या सारख्याच नात्यातल्या दोघांच्या उत्तरांचा सहसंबंध सरासरी 0.60. पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांतल्या लोकांचा 0.28. आणि मूल स्वतः एकीकडे, इतर दुसरीकडे, तर 0.22. बरेच लोक याचा अर्थ ‘मुलांचं ऐकू नका’ असा काढतात. आम्हाला तो पटत नाही. शिक्षिका वर्गातलं मूल बघते, आई घरातलं, आणि मुलाला स्वतःचं आतलं दिसतं. आपल्या परंपरेत ‘स्वसंवेद्य’ असा सुंदर शब्द आहे, ज्याचं ज्ञान फक्त ज्याचं त्यालाच. तिघांचे आकडे जुळत नाहीत यात दोष मोजणाऱ्यांचाच असतो असं नाही. मूल तीन ठिकाणी तीन तऱ्हेने जगत असतं. या आकड्यांची सरासरी काढली तर जो आकडा येतो तो कुठल्याच ठिकाणी राहत नाही. वेगळे ठेवा, शेजारी शेजारी मांडा.

आणि प्रश्नावल्या आल्या की भाषांतर आलं. मुलांच्या जगण्याची गुणवत्ता मोजणारी पेड्सक्यूएल नावाची प्रश्नावली जगभर चालते. 23 प्रश्न, प्रत्येकाला ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत पाच पायऱ्या, आणि शेवटी 0 ते 100 असा आकडा. आपण पायऱ्यांना 0, 1, 2, 3, 4 असे अंक देतो आणि त्यांची बेरीज करतो. पण ‘कधीच नाही’ आणि ‘क्वचित’ यांतलं अंतर ‘बऱ्याचदा’ आणि ‘नेहमी’ यांतल्या अंतराएवढंच आहे, हे ठरवलं कुणी? स्टीव्हन्स यांनी 1946 सालीच बजावलं होतं की क्रम सांगणारे आकडे आणि अंतर सांगणारे आकडे यांत गल्लत करू नका. शर्यतीत पहिला, दुसरा, तिसरा हे कळलं म्हणून कोण किती सेकंदांनी मागे होता ते कळत नाही. व्यवहारात बेरीज करतात, आणि केल्याशिवाय गत्यंतरही नाही, पण 62 चे 66 झाले म्हणून पेढे वाटण्याआधी हे आठवावं. आणखी एक प्रश्नावली आहे, फंक्शनल डिसॅबिलिटी इन्व्हेंटरी, 1991 ची, मूळची वारंवार पोट दुखणाऱ्या मुलांसाठी. पंधरा साध्या कृती, त्या करायला किती जड गेलं एवढंच विचारायचं. आम्हाला ती आवडते, कारण ती मुलाच्या मनात डोकावायचा आव आणत नाही. जेवलास का, जिना चढलास का, शाळेत पूर्ण दिवस बसलास का. पण त्यात फुटबॉलच्या मैदानाच्या लांबीएवढं धावण्याचाही प्रश्न आहे. आमच्या पेठेतल्या मुलाला तो मराठीत कसा विचारणार? मैदान शोधण्यापासून सुरुवात. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर झालं की प्रश्न तोच दिसतो, मोजलं जातं ते निराळंच.

थोडक्यात, मुलांच्या एफएनडीसाठीच घडवलेली, सगळ्यांनी मान्य केलेली अशी मोजपट्टी आज हातात नाही. 2020 साली या विषयातल्या संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने मोजमापांचा आढावा घेतला, तेव्हा प्रौढांसाठीसुद्धा अशी खास साधनं थोडीच आहेत हेच पुढे आलं. बाकीची पोटदुखीकडून, अपस्माराकडून, नैराश्याकडून उसनी आणलेली.

शाळेच्या हजेरीबद्दल मात्र चांगलं बोलायला हवं. ती फुकट मिळते. तिसराच माणूस लिहितो, त्यामुळे ना आईच्या काळजीने बदलते ना थेरपिस्टच्या उत्साहाने. आणि मुलाच्या वयाला शाळा म्हणजे केवळ अभ्यास नव्हे, डबा खाणं, भांडणं, उशिरा पोचल्याची शिक्षा, सगळं जगच. तरी तीही आंधळेपणाने घेऊ नये. हजेरीपटावर ‘प’ आहे आणि मूल दिवसभर आजारी मुलांच्या खोलीत पडून आहे, असं होतं. ज्या शाळेत छळ होतो तिथेच रोज पाठवून शंभर टक्के हजेरी भरून काढली, तर त्याला सुधारणा म्हणायचं का?

एक मोजमाप असं आहे की ते मुलापासून सुरू होतं. 1968 साली किरेसुक आणि शर्मन यांनी ते सुचवलं, गोल अटेनमेंट स्केलिंग. उपचाराच्या सुरुवातीलाच मुलाबरोबर बसून दोन-तीन उद्दिष्टं ठरवायची आणि प्रत्येकाच्या पाच पायऱ्या आधी लिहून ठेवायच्या, उणे 2 ते अधिक 2. अपेक्षेप्रमाणे झालं तर 0. आपल्या मुलीच्या बाबतीत 0 म्हणजे ‘मैत्रिणीबरोबर आठवड्यातून दोनदा सायकलवर क्लासला जाते’. उणे 1 म्हणजे ‘मैत्रिणीबरोबर चालत जाते’. अधिक 1 म्हणजे ‘दोनदा सायकलवर जाते आणि एकदा वाटेत झटका आला तर थांबून, सावरून पुढे जाते’. या पायरीत झटका आहे, पण तो मोजायची वस्तू म्हणून नाही, वाटेतला खड्डा म्हणून आहे. कमजोरीही उघड आहे. पायऱ्या कुणी आधीच सोप्या लिहिल्या तर सगळेच पास. म्हणून त्या लिहिणारा आणि शेवटी तपासणारा माणूस वेगळा असावा.

आणि ज्याच्याशी तुलना करायची तो गट नसेल तर कुठलंच मोजमाप फारसं सांगत नाही. घरचे लोक मदतीला येतात ते आजार सर्वांत वाईट असताना. सर्वांत वाईट दिवसानंतर बहुधा त्याहून बरा दिवस येतो, उपचार असो वा नसो. मघाच्या ब्रिटिश नोंदीत वर्षभराने ज्या मुलांची माहिती मिळाली, त्यांची लक्षणं सुधारली असल्याचं डॉक्टरांनी कळवलं. त्यांना वेगवेगळ्या प्रकारची मदत मिळाली होती. त्यांतलं काय कशाचं, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. चपलेचं श्रेय आठवा.

आता प्रमाणाकडे परत येऊ. नागार्जुनाने विचारलं होतं, प्रमाणाने प्रमेय सिद्ध होतं म्हणता, मग प्रमाण कशाने सिद्ध होतं? न्यायसूत्रांत गौतमाचं उत्तर आहे तराजूचं. तराजूने सोनं तोलतो तेव्हा तराजू प्रमाण. पण वजन माहीत असलेलं सोनं घालून तोच तराजू तपासला, तर तो प्रमेय झाला. एकच वस्तू, भूमिका दोन, आणि त्यात विरोध नाही. अट एवढीच की दोन्ही कामं एकाच वेळी एकाच तोलात करू नयेत. मुलांच्या एफएनडीत आज आपण नेमके याच जागी आहोत. प्रश्नावलीने मूल तोलायचं आणि मुलांवरून प्रश्नावली तपासायची, दोन्ही चालू आहे. वजन माहीत असलेलं सोनं इथे कोणतं? आमच्या मते ते मुलाचं परत मिळालेलं रोजचं जगणं आहे, कारण त्याबद्दल आई, शिक्षिका आणि मूल यांचं निदान काही बाबतींत तरी एकमत होऊ शकतं. झटक्यांची संख्या त्याच्या शेजारी ठेवावी, वर नाही.

यावर आक्षेप येणार हे माहीत आहे. झटके चालूच आहेत आणि तुम्ही बरी झाली म्हणता, ही रुग्णाची फसवणूक नाही का? मूल म्हणत असेल की मला झटके थांबायलाच हवेत, तर तेच त्याचं उद्दिष्ट आणि तेच मोजावं. आमचा विरोध मुलाला न विचारता ते गृहीत धरायला आहे.

एका श्रोत्यांचा प्रश्न आधीच लिहून आला आहे, की घरी झटक्यांची वही ठेवू का. हा निर्णय तुमच्या मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा आणि थेरपिस्टचा, आणि निदान पक्कं होईपर्यंत त्यांना ती नोंद हवी असू शकते. निदान झाल्यावर मात्र त्यांना विचारा, की रोज लिहायचं की आठवड्यातून एकदा, आणि मुलासमोर लिहायचं की नाही. आठवड्यातून एकदा चालत असेल तर त्याच पानावर शाळेचे पूर्ण दिवस, दवाखान्याच्या अचानक फेऱ्या आणि मुलाने स्वतः निवडलेली एक गोष्ट, एवढं लिहा. आणि पहिली नोंद एप्रिलमध्ये परीक्षेच्या आठवड्यात घेतली असेल, तर तुलनेची दुसरी नोंद मे महिन्यात मामाच्या गावी घेऊ नका. जूनमध्ये शाळा सुरू होऊन पंधरा दिवस गेले की घ्या.